साठीचा की सत्तरीचा? दोन जॅझ बेसबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूडच्या माझ्या खोलीत भिंतीवर दोन बेस, म्हणजे बेस गिटार, टांगलेले आहेत. शिकायला येणारं प्रत्येक पोर पहिल्या दिवशी दोन्हींकडे आळीपाळीनं बघतं आणि विचारतं, "सर, दोन्ही सेमच आहेत ना?" पालक हेच जरा वेगळ्या सुरात विचारतात: "एक असताना दुसरा कशाला?" बायकोनं विचारणं सोडून दिलंय. तीच तीच उत्तरं देऊन कंटाळलो, म्हणून एकदाचं लिहून ठेवतो. मी नोकरी सांभाळून ऑर्केस्ट्रात वाजवतो. लग्नातलं संगीत, गणपतीतले कार्यक्रम, वर्षातून एखाद-दोन वेळा बालगंधर्व. माझं सगळं ज्ञान तिथलंच आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

हे दोन बेस नेमके कोणते?

दोन्ही एकाच घराण्याचे. लिओ फेंडरच्या कॅलिफोर्नियातल्या कंपनीनं १९५१ साली प्रिसिजन बेस काढला आणि १९६० साली त्याचा धाकटा भाऊ, जॅझ बेस. माझे दोन्ही या धाकट्याच्या वंशातले. एक साठच्या दशकातल्या घडणीचा: अल्डर लाकडाचा देह, रोझवुडचा फिंगरबोर्ड (डाव्या हाताची बोटं फिरतात ती पट्टी), त्यावर साधे गोल ठिपके, रंग तपकिरी. दुसरा सत्तरच्या दशकातल्या घडणीचा: ॲशचा देह, मेपलचा पिवळसर फिंगरबोर्ड, त्यावर काळे चौकोन, रंग पांढरा. घरात त्यांना 'साठीचा' आणि 'सत्तरीचा' अशीच नावं पडली आहेत. दोन्ही बनलेत मात्र अलीकडे. त्या काळातला खरा बेस घ्यायचा तर आधी फ्लॅटचं कर्ज फिटायला हवं.

दोन्हींची तार ३४ इंच, म्हणजे ८६४ मिलिमीटर. दोन्हींना २० फ्रेट (फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), दोन सिंगल कॉइल पिकअप (तारेचं हलणं पकडणारे चुंबक आणि त्यांभोवती एकच गुंडाळी), दोन व्हॉल्यूम आणि एक टोन. नटपाशी, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला, नेकची (दांड्याची) रुंदीही दोन्हींत ३८ मिलिमीटर. कागदावर बघितलं तर पोरांचा प्रश्न रास्तच आहे.

मग फरक कुठे आहे?

ब्रिजजवळच्या, म्हणजे देहावर तारा जिथे बांधतात तिथल्या पिकअपमध्ये. मूळ जॅझ बेसवर दोन पिकअपच्या मध्यांत ३.६ इंच अंतर असायचं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मागचा पिकअप ब्रिजच्या दिशेनं सरकला आणि हे अंतर ४ इंच झालं. पुढचा पिकअप होता तिथेच राहिला. सरकला किती? जेमतेम एक सेंटिमीटर.

एवढ्यानं काय होतं, असं वाटेल. ज्यांनी तंबोरा लावताना ऐकलाय त्यांना हे पटकन कळेल. खर्जाची तार नीट लागली की तिच्यात गंधार आपोआप ऐकू येतो. तो कुणी वाजवलेला नसतो. एकच तार एकाच वेळी अनेक तुकड्यांत हलत असते: अख्खी, अर्धी, एक तृतीयांश, असं पुढे. अख्खी हलते तो मूळ स्वर, बाकीचे उपस्वर. तार पाच तुकड्यांत हलते त्यातून गंधार येतो. बेसच्या तारेतही हेच चालू असतं, फरक इतकाच की ऐकणारा कान म्हणजे पिकअप, आणि तो एका जागी स्क्रूनं घट्ट बसवलेला.

आता ब्रिज हे तारेचं बांधलेलं टोक. तिथे तार जवळपास स्थिर असते. जसजसं टोकाच्या जवळ जाल तसतसा मूळ स्वराचा झोका लहान होत जातो. छोट्या तुकड्यांत हलणारे वरचे उपस्वर मात्र तिथेही बऱ्यापैकी टिकून असतात. म्हणून कान ब्रिजकडे सरकवला की खर्ज कमी आणि धार जास्त ऐकू येते. ८६४ मिलिमीटरच्या तारेत एक सेंटिमीटर म्हणजे सव्वा टक्कासुद्धा नाही, पण मागचा पिकअप मुळातच ब्रिजपासून दोन-अडीच इंचांवर बसलेला असतो. त्या दोन-अडीच इंचांतून एक सेंटिमीटर गेला की चांगलंच जाणवतं.

शब्दांत सांगायचं तर साठीच्याचा मागचा पिकअप एकटा लावला की आवाज घोगरा आणि थोडा नाकातला येतो, पण अंगात मांस असलेला. सत्तरीच्याचा तोच पिकअप जास्त कोरडा, टणक आणि काठावर चिरका. दोन्ही पिकअप पूर्ण उघडले की साठीचा भरीव वाटतो, आणि सत्तरीच्यात मधला भाग जरा खोल जातो, खाली खर्ज आणि वर चमक राहते.

आणि लाकडाचं काय? ॲश उजळ, अल्डर उबदार असं सगळे म्हणतात.

म्हणू देत. तुमच्याकडे दोन्ही बेस असतील तर एक सोपी गोष्ट करा. मागच्या पिकअपचा व्हॉल्यूम शून्यावर आणा आणि फक्त पुढचा लावून दोन्ही वाजवा. पुढचा पिकअप दोन्हींत एकाच जागी आहे. लाकूड इतकं बोलत असतं तर इथेही ॲश उजळ आणि अल्डर उबदार ऐकू यायला हवा. मी हा प्रयोग डोळे मिटून, फक्त ऐकून बरेचदा केला आणि निम्म्याहून जास्त वेळा चुकलो. लाकडाचा काहीच परिणाम नाही असं मी म्हणणार नाही. पण माझ्या कानांना तो पिकअपच्या जागेपुढे, तारांच्या वयापुढे आणि उजव्या हाताच्या बोटांपुढे चौथ्या-पाचव्या नंबरावर येतो. वजनात मात्र लाकूड भरपूर बोलतं, त्याबद्दल पुढे.

दोन बेसची तुलना नीट कशी करायची?

लोक दुकानात एक उचलतात, चार स्वर वाजवतात, दुसरा उचलतात आणि निकाल देतात. मीही असाच फसलोय. काही वर्षांपूर्वी एका दुकानात दोन बेस शेजारी ठेवले होते, त्यातला एक अक्षरशः घंटेसारखा वाजत होता. मी तोच घेणार होतो. सोबतच्या मित्रानं तारेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "अरे, ह्याच्या तारा नव्या आहेत, त्याच्यावर गंज चढलाय." माझी पसंती बेसला नव्हतीच, ती तारांच्या पाकिटाला होती.

तेव्हा पहिली अट, तारा सारख्या. एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या, एकाच दिवशी चढवलेल्या. दुसरी अट, तारेची उंची सारखी. तार फ्रेटच्या जास्त जवळ असेल तर जोरात वाजवताना ती फ्रेटवर आपटते, आवाजात एक खरखर मिसळते आणि ती 'चमक' वाटू लागते. तंबोऱ्याला जवारी मुद्दाम काढतात. बेसची जवारी बहुतेक वेळा कुणी न सांगता निघालेली असते. तिसरी अट, पिकअपची उंची सारखी. पिकअप तारेच्या जवळ असेल तर आवाज मोठा येतो.

चौथी अट सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत जास्त मोडली जाणारी: आवाजाची पातळी सारखी. दोनपैकी जो थोडा मोठा, तो कानाला चांगला वाटतो, हा माणसाच्या कानाचा स्वभाव आहे. शिवाय हळू आवाजात कानाला खर्ज कमीच ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच हे मोजून दाखवलं. याचा थेट परिणाम असा की घरी, वरच्या मजल्यावरच्या काकू झोपल्यात म्हणून हळू वाजवताना, मला नेहमी सत्तरीचा आवडतो. स्वच्छ, स्पष्ट. तोच स्टेजवर मोठ्या आवाजात लावला की त्याची धार बोचते, आणि साठीचा एकदम शहाणा वाटायला लागतो. म्हणून घरी केलेली तुलना मी स्टेजसाठी ग्राह्य धरत नाही.

एकदा हे सगळं सारखं करून दोन्हींवर एकच गत वाजवली, फोनवर रेकॉर्ड केली आणि कोणता कुठला हे न सांगता आईला ऐकवली. आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दोन्ही तूच आहेस. पण दुसऱ्यात सर्दी कमी आहे." दुसरा सत्तरीचा होता. मी जे 'नाकातला' म्हणत होतो ते तिनं एका शब्दात उरकलं.

हाताला कोणता बरा वाटतो?

खरा फरक इथे आहे. डोळे मिटून आवाज ओळखताना मी चुकलोय, पण डोळे मिटून नेक हातात दिला तर एकदाही चुकलेलो नाही.

नटपाशी रुंदी सारखी असली तरी रुंदी म्हणजे सगळं नव्हे. मागची गोलाई, जाडी, फिंगरबोर्डचा बाक आणि वरचा लेप, या चार गोष्टींवर हात ठरतो. माझ्या साठीच्याच्या फिंगरबोर्डचा बाक ७.२५ इंच त्रिज्येचा आहे, म्हणजे जास्त गोलसर, जुन्या पद्धतीचा. सत्तरीच्याचा ९.५ इंचांचा, म्हणजे जास्त सपाट. गोलसर बोर्डावर तळहात आपोआप वळतो आणि साधी चाल तासन् तास वाजवली तरी दुखत नाही. सपाट बोर्डावर वरच्या दोन तारांवर पळायला सोपं जातं आणि तारा थोड्या खाली आणता येतात. फेंडरच्या सेटअपच्या मापातही हे दिसतं. ७.२५ च्या बोर्डाला सतराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची सुमारे २.८ मिलिमीटर आणि बारीक तारेची २.४. ९.५ च्या बोर्डाला २.४ आणि २.०. अर्धा मिलिमीटरही नाही, पण तीन तासांच्या कार्यक्रमानंतर डाव्या हाताची करंगळी त्याचा हिशेब मागते.

लेपाचं दुखणं वेगळंच. सत्तरीच्या नेकवर मागेपुढे सगळीकडे जाड, काचेसारखा चकचकीत लेप आहे. डिसेंबरात छान वाटतो. मे महिन्यात कार्यालयाच्या स्टेजवर, डोक्यावर दिवे आणि अंगात जॅकेट असताना, अंगठा त्याला चिकटतो. दुसऱ्या फ्रेटवरून सातव्याकडे सरकायचं आणि हात पाचव्यावरच अडायचा. दोन उन्हाळे सोसले, मग एके दुपारी ओट्यावरचा नवा कोरा हिरवा स्क्रबर घेतला आणि नेकची मागची बाजू लांबीच्या दिशेनं हलक्या हातानं घासली. दहा मिनिटांत चकाकी गेली, हात सरकायला लागला. बारीक स्टील वूलनंही होतं, पण त्याचा चुरा पिकअपच्या चुंबकांना जाऊन चिकटतो आणि मग निघता निघत नाही. ते वापरायचंच असेल तर पिकअप आधी चिकटपट्टीनं झाका. विकताना किंमत कमी येईल हे लक्षात ठेवूनच घासा.

वजन किती?

प्रवासाच्या बॅगा मोजायच्या लटकत्या काट्यावर साठीचा ३.९ किलो भरला, सत्तरीचा ४.७. आठशे ग्रॅम हातात काहीच वाटत नाहीत. डाव्या खांद्यावर, उभं राहून, दुसऱ्या मध्यंतरापर्यंत वाटतात. चार बोटं रुंद पट्टा घ्या, बारीक पट्ट्यावर पैसे वाचवू नका.

एकट्या पिकअपवर घूंऽऽ असा आवाज येतो. बेस खराब आहे का?

नाही. सिंगल कॉइलचा तो स्वभाव आहे. आजूबाजूच्या वायरिंगची, ट्रान्सफॉर्मरची, दिव्यांच्या डिमरची घरघर तो पकडतो. आजच्या बहुतेक जॅझ बेसमध्ये दोन पिकअपची गुंडाळी आणि चुंबक एकमेकांच्या उलट ठेवलेले असतात, त्यामुळे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की घरघर एकमेकांना खाते. एक जरा कमी केला की परत येते. गणपतीत मंडळाच्या स्टेजवर, एका बाजूला जनरेटर आणि दुसऱ्या बाजूला रंगीत दिव्यांची माळ असताना, मी दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण ठेवतो आणि मागचा पिकअप एकटा वाजवायची हौस घरी भागवतो. सत्तरीच्याची खरी ओळख त्या मागच्या पिकअपमध्ये आहे आणि नेमकी तीच अशा ठिकाणी वापरता येत नाही, ही त्यातली गंमत.

तारांना हात लावला की घरघर कमी होत असेल तर काळजी नको, ब्रिजमार्गे तारा अर्थ केलेल्या असतात म्हणून तसं होतं. हात लावूनही फरक पडत नसेल तर आतली ती वायर सुटलेली असू शकते, डाग द्यायचं पाच मिनिटांचं काम आहे. पण तारांवर हात ठेवून माइकला ओठ लागल्यावर झटका बसत असेल, तर दोष स्टेजच्या अर्थिंगमध्ये आहे. तिथे वाजवणं थांबवा आणि साउंडवाल्याला बोलवा. यात भिडस्तपणा नको.

ऑर्केस्ट्रात कोणता जास्त ऐकू येतो?

हॉलमध्ये ऐकू येतो तो साठीचा, स्टेजवर स्वतःला ऐकू येतो तो सत्तरीचा. थोडं उलगडून सांगतो. आपल्या ऑर्केस्ट्रात खालच्या पट्टीत भयंकर गर्दी असते. ऑक्टोपॅडचा किक, ढोलकीचा घुमारा, आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात, जो त्याला कितीही सांगितलं तरी वर उचलला जात नाही. बेसची सगळ्यांत खालची मोकळी तार ४१ हर्ट्झची. तिथे भांडून काही मिळत नाही. बेस कळतो तो त्याच्या जरा वरच्या, मधल्या भागामुळे. सत्तरीच्याचे दोन्ही पिकअप उघडले की नेमका तोच भाग खोल जातो. एकट्यानं ऐकताना हा आवाज देखणा वाटतो आणि ढोलकी सुरू झाली की कुठे गेला ते कळत नाही. त्याच्यावर उपाय आहे: पुढचा पिकअप पूर्ण, मागचा निम्म्यावर, टोन थोडा बंद. मग तो बऱ्यापैकी साठीच्यासारखाच वागतो, फक्त घरघर पदरात पडते.

गायक 'काळी दोन' म्हणतो तेव्हा खालचा सा सापडत नाही. दुसरा बेस घेऊन उपयोग होईल?

या दोन्हींपैकी कुठलाही घेऊन होणार नाही. चार तारांच्या बेसवर सगळ्यांत खालचा स्वर पांढरी तीन. काळी दोन त्याच्या लगतच खाली, म्हणजे तो सा वाजवायला जाड तारेकडून दुसऱ्या तारेच्या सहाव्या फ्रेटवर जावं लागतं, एक सप्तक वर. सगळ्यांत जाड तार अर्धा स्वर उतरवली तर मोकळ्या तारेवर तो मिळतो, पण मग त्या तारेवरची प्रत्येक जागा एका घरानं सरकते आणि दुसऱ्या गाण्यात हात चुकतो. असे गायक नेहमी साथीला असतील तर पाच तारांचा बेस बघा, त्याची पाचवी तार ३१ हर्ट्झपर्यंत खाली जाते. मी मात्र त्या सहाव्या फ्रेटवर सुखी आहे. लोकांना तो सा वरचा की खालचा हे कळत नाही, चुकलेला मात्र लगेच कळतो.

स्लॅपसाठी सत्तरीचाच हवा ना?

हवा असं नाही, पण सोपा जातो. अंगठ्यानं मारलेली आणि बोटानं उचलून सोडलेली तार फ्रेटवर आपटते, त्यातला टणत्कार सत्तरीच्याच्या मागच्या पिकअपमध्ये जास्त येतो आणि मधला खोलगा त्याला शोभतो. स्लॅपसाठी गाजलेले बेसवादक मार्कस मिलर यांचा प्रसिद्ध बेस १९७७ सालचा जॅझ बेस आहे. पण त्यात रॉजर सॅडोस्की यांनी बसवलेला प्रीॲम्प (आवाज वाढवणारं आतलं सर्किट) आहे, ब्रिज बदललेला आहे, आणि त्याला लावलेले हात मार्कस मिलर यांचे आहेत. यातली पहिली दोन कलमं विकत मिळतात.

मी बेसवादक जॅको पास्टोरियससारखा टोन काढायचा प्रयत्न करतोय, जमत नाही.

त्यांचा तो बेस साठच्या दशकातला, साधारण माझ्या साठीच्याचा पूर्वज. पण त्याला फ्रेट नव्हते. ते काढून फिंगरबोर्डवर इपॉक्सीचा कडक थर दिलेला होता, तारा राउंडवूंड (गोल तारेचं वेटोळं असलेल्या, खरखरीत) होत्या, आणि वाजवायचा तो बराचसा मागच्या पिकअपवर, उजवा हात ब्रिजच्या जवळ ठेवून. शेवटची गोष्ट फुकट आहे, आधी ती करून बघा. बोटं पुढच्या पिकअपवरून उचलून मागच्या पिकअपवर नेली की टोन जितका बदलतो तितका दोन बेसमध्येही बदलत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलानं या एका युक्तीवर नवा बेस घ्यायचा बेत वर्षभर पुढे ढकलला. त्याच्या वडिलांनी दिवाळीत मला चकल्या पाठवल्या.

तारा कोणत्या लावू?

साठीच्यावर सध्या फ्लॅटवूंड आहेत, सत्तरीच्यावर निकेल राउंडवूंड. फ्लॅटवूंडचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, बोट सरकल्याचा चर्र आवाज येत नाही, चमक कमी आणि ठोका गोल असतो. मोटाउनच्या गाण्यांवर वाजवणाऱ्या जेम्स जेमर्सन यांच्यासारख्यांचा जुना, बसका आवाज हवा असेल तर हा रस्ता. ते प्रिसिजन वाजवायचे, ही गोष्ट वेगळी. फ्लॅटवूंड महाग पडतात पण वर्षानुवर्षं चालतात. राउंडवूंड पुण्याच्या घामात, निदान माझ्या घामात, दोन-तीन महिन्यांत मरतात. वाजवून झालं की कोरड्या फडक्यानं पुसा, चार पैसे वाचतील.

आणि हो, मी मघाशी सांगितलेली तुलना या तारांवर केलेली नाही. त्यासाठी दोन्हींवर सारख्या तारा चढवल्या होत्या. हा प्रश्न पुण्यात कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगितलं.

जूनमध्ये बेस अचानक कडक झाला. काय झालं?

पाऊस झाला. चार तारा मिळून नेकला साधारण ऐंशी किलोचा ताण देतात, आणि आतली ट्रस रॉड नावाची सळई त्याला उलट दिशेनं तोलून धरते. लाकूड हवेतला ओलावा पितं आणि सोडतं, त्यामुळे एप्रिल-मेच्या कोरड्या हवेतून पावसाळ्यात शिरताना हा तोल हलतो, नेकचा बाक बदलतो.

मोजायचं असं: जाड तार पहिल्या फ्रेटवर एका हातानं दाबा, नेक जिथे देहाला मिळतो तिथल्या फ्रेटवर दुसऱ्या हातानं, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यातली फट बघा. साधं व्हिजिटिंग कार्ड तिथून जेमतेम सरकलं तर ठीक, साधारण ०.३ मिलिमीटर. कार्ड ढिलं जात असेल तर ट्रस रॉड घट्ट करायचा, शिरतच नसेल तर सैल. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, मग एक दिवस थांबा. चावी फिरत नसेल तर जोर लावू नका, जाणकाराकडे न्या. माझा सत्तरीचा दर पावसाळ्यात पाव फेरा मागतो. साठीचा गेली तीन वर्षं हललेला नाही. यामागे कुठलंही तत्त्व नाही, लाकडाचा तुकडा कसा निघाला एवढंच.

साठीच्याचा पिकअप एक सेंटिमीटर सरकवून घेता येईल का?

येईल, लाकूड कोरून. करू नका. जुनी खाच उघडी पडते, ती झाकायला आणखी काहीतरी करावं लागतं, आणि बेस पुन्हा विकला जात नाही.

सत्तरीचा म्हणून विकतात त्या प्रत्येक बेसमध्ये पिकअप मागे असतो का?

असेलच असं नाही. काळे चौकोन आणि मेपल बघून भुलू नका. दुकानात जाताना खिशात छोटी फूटपट्टी ठेवा आणि एका पिकअपच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा. ९१ मिलिमीटरच्या आसपास आलं तर साठीची जागा, १०१ च्या आसपास आलं तर सत्तरीची. दुकानदार विचित्र नजरेनं बघेल. पुण्यात ग्राहकाला त्या नजरेची सवय असते.

त्याच वेळी आणखी तीन गोष्टी बघा. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवून कुठे स्वर मरतो का ते ऐका, बऱ्याच बेसवर बारीक तारेच्या पाचव्या-सहाव्या फ्रेटपाशी एखादा स्वर लवकर विझतो. नेकच्या कडेवरून बोट फिरवा, फ्रेटची टोकं टोचायला नकोत. आणि तिन्ही नॉब फिरवा. कर्र कर्र आवाज आला तर घाबरू नका, नॉबखालच्या पॉटमध्ये (फिरत्या रेझिस्टरमध्ये) धूळ असते. क्लीनर मारून भागलं नाही तर २५० किलोओहमचा पॉट बदलायचा, सुटे भाग बुधवार पेठेत तपकीर गल्लीत शोधा. जाताना जुना पॉट काढून सोबत न्या, नाहीतर दांडा जाड-बारीक निघतो आणि नॉब बसत नाही. दोन फेऱ्या मी घातल्या आहेत.

प्रिसिजन का नाही घेतला?

घेणार होतो. हात लहान आहे, त्याचा रुंद नेक झेपला नाही. बाकी बेस अप्रतिम.

एकच घ्यायचा तर कोणता?

ज्याचा नेक हातात घेतल्यावर बघावासा वाटत नाही तो. आवाज तारांनी, बोटांच्या जागेनं, टोनच्या नॉबनं बराच इकडेतिकडे करता येतो. नेक मात्र असा नॉब फिरवून बदलता येत नाही. दुकानात दहा मिनिटं उभं राहून, पट्टा लावून वाजवा, बसून नव्हे. लाज वाटत असेल तर बरोबर मित्राला न्या, तो दुकानदाराशी बोलत राहील.

तुमचा पांढरा विकायचा आहे का?

गेल्या वर्षी काढला होता विकायला. कल्याणीनगरहून एक मुलगा बघायला आला, अर्धा तास वाजवला, नेक मागून घासलेला पाहिला आणि किंमत पाडून मागितली. मी नाही म्हटलं. तो जिना उतरून गेल्यावर उगाच मागचा पिकअप एकटा लावून बसलो, घरघरीसकट. आता विचारू नका.